मशालीचं वजन

क्रीडास्पर्धांसाठी मी मशाली बनवतो. आयोजकांची मागणी बहुधा ठरलेली असते: मशालीतून जिल्ह्याची संस्कृती दिसली पाहिजे. किल्ला हवा, कणीस हवं, प्रायोजकाचं बोधचिन्ह तर हवंच. धावणाऱ्याच्या मनगटाची चौकशी कुणी करत नाही.

मला मात्र आधी वारा आठवतो. प्रोपेनमध्ये हवा आधीच मिसळली की ज्योत निळी होते. ती वाऱ्याला दाद देत नाही, पण उन्हात दिसतही नाही. हवा न मिसळता गॅस पेटवला की ज्योत पिवळीधमक होते आणि वारा आला की विझू पाहते. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिम्पिक मशालीसाठी एडिलेड विद्यापीठातल्या अभियंत्यांनी दोन्ही ज्योती एकत्र नांदवल्या. आतली निळी राखणीला, बाहेरची पिवळी लोकांना दिसायला. कुठल्याही नक्षीहून मला हे काम देखणं वाटतं. पूर्वी लख्ख उजेडासाठी मॅग्नेशियम जाळत. १९५६ साली मेलबर्नच्या मैदानात त्याच्या ठिणग्यांनी मशाल नेणाऱ्या रॉन क्लार्कचा हात भाजला.

लंडनच्या २०१२ च्या मशालीला एडवर्ड बार्बर आणि जे ऑस्गर्बी यांनी ८,००० भोकं ठेवली, कारण ती वाहून नेणारेही ८,००० होते. एवढंच असतं तर मी त्याला हिशेबी चमत्कृती म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच भोकांनी मशाल हलकी केली, उष्णता मुठीपर्यंत उतरू दिली नाही, घामेजल्या हाताला पकड दिली. अर्थ विसरला तरी भोकं कामाचीच.

तोकुजिन योशिओका यांची तोक्योची मशाल वरून चेरीच्या फुलासारखी दिसते. फुलाचं मला फारसं कौतुक नाही, ते जपानी कॅलेंडरवरही असतं. पण तिच्यातलं सुमारे ३० टक्के ॲल्युमिनियम २०११ च्या भूकंपानंतर उभारलेल्या तात्पुरत्या घरांचं आहे. धातू कुठून आला, याला अर्थ असतोच. बर्लिनच्या १९३६ च्या मशाली तोफा ओतणाऱ्या क्रुप कंपनीनेच घडवल्या, आणि ऑलिम्पियाहून मशाल धावत नेण्याची प्रथाही त्याच वर्षी, नाझी राजवटीत सुरू झाली. आपले निवेदक तिला बिनदिक्कत प्राचीन म्हणतात.

शिवजयंतीला गडावरून ज्योत आणणारी पोरं येतात, त्यांचं मागणं सरळ असतं: तेल हातावर ओघळू नये. पलित्याखाली खोलगट वाटी बसवली की काम झालं.

आयोजकांनो, मशाल सांगायला याल तेव्हा धावणाऱ्यांचं वय, अंतर आणि धावण्याची वेळ आधी सांगा. किल्ला, कणीस नंतर बघू. जागा उरली तर.