मिरजेचा तंबोरा आणि लंडनचा बँड

सांगलीहून आईचा फोन आला, "माळ्यावरचा तुझा तंबोरा खाली काढलाय. नेणार असलीस तर ने, नाही तर देऊन टाकते." लग्नाला सोळा वर्षं झाली, मी त्याची गवसणीसुद्धा सोडली नव्हती. दिवाळीच्या सुटीत चिरंजीवांना घेऊन साताऱ्याहून गाडीत बसले.

आमच्या नववीतल्या चिरंजीवांचं माझ्याशी तीन महिने कामापुरतंच बोलणं होतं. चाचणीत गुण घसरले तेव्हा "तो धांगडधिंगा आधी बंद कर" म्हणून मी त्याचा इअरफोन कपाटात कुलपात ठेवला होता. (शाळेत चाळीस मुलांना गप्प बसवते मी, घरात एकाला बोलतं करता येईना!) सुटीपुरता तो परत दिला होता. कोरेगाव गेलं तसं मीच म्हटलं, "काय ऐकतोस ते मला तरी ऐकव."

त्यानं संशयानं पाहिलं आणि इअरफोनची एक बाजू माझ्या कानात घातली. पिंक फ्लॉइड नावाचा, 1965 साली लंडनमध्ये जमलेला बँड. ह्या प्रकाराला म्हणे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. मी धडामधुडुमची तयारी करून बसलेली, तर कानात एकच स्वर, लांब, संथ. मग गिटारचे चारच सूर, तेही सावकाश. कुणालाच घाई नाही. रहिमतपूर जवळ आलं तरी शब्दांचा पत्ता नाही! "साडेआठ मिनिटांनी येतात," चिरंजीव म्हणाले. बँडचा मूळ गायक सिड बॅरेट मनाच्या आजारापायी 1968 मध्ये बाजूला झाला, त्याच्या आठवणीत सोबत्यांनी 1975 साली केलेलं हे गाणं. हे सांगताना मुलाचा आवाज हळू झाला होता. मी कपाटात काय कोंडलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी तंबोरा घेऊन मिरजेला गेलो. सांगलीहून जेमतेम अर्धा तास. मैत्रिणींनो, सांगलीला आलात तर भडंग घेऊन परतू नका, सतारमेकर गल्लीत जरूर डोकवा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब इथं वाद्यांकडे वळले, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या हेच काम. दारात वाळलेले भोपळे, आत लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

कारागिरांनी घोडी घासली, तारेखाली सुताचा दोरा सरकवत राहिले. "ताई, जवारी गेली होती. न वाजवता ठेवलात ना?" मी मान खाली घातली. मग तार छेडली, आणि ती मिटता मिटेना. चिरंजीव पुढे सरकले. "आई, हे तर कालच्यासारखंच!"

तिथून मीरासाहेबांच्या दर्ग्यावर गेलो. 1937 साली गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ इथं दरवर्षी गाणं होतं. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही मिरजेचाच. आलापी म्हणजे काय ते मी सांगू लागले, तर चिरंजीवांनीच मला शिकवलं. म्हणे 1973 च्या ह्या बँडच्या एका गाण्यात क्लेअर टॉरी नावाची पंचविशीतली बाई शब्दांशिवाय नुसत्या आवाजात गायली आहे. मेहनताना तीस पौंड. त्या तबकडीच्या कोट्यवधी प्रती खपल्या, पण रचनेत तिचं नाव नव्हतं. अखेर तिनं दावा लावला आणि 2005 मध्ये समझोता होऊन सहरचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. बत्तीस वर्षांनी! मला माझी सोळा वर्षं थोडी वाटली.

ते गाणंही ऐकलं. सुरुवातीला किंचाळणं वाटलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र ती बाई कुठं श्वास घेते ते कळू लागलं.

परतीच्या गाडीत तंबोरा चिरंजीवांच्या गुडघ्यांत होता. भिलवडी गेलं आणि ते म्हणाले, "तू गायचीस ते मला आठवतच नाही." मी हळूच सा लावला. आवाज चिरकला, पुन्हा लावला. समोरच्या आजीबाईंनी शेंगा सोलायचं थांबवलं. चिरंजीवांनी इअरफोन खिशात घातला आणि कानाशी येऊन म्हणाले, "फार वर जाऊ नकोस हं, लोक बघताहेत."