अंत्युखियाची पंगत

'पंगत' हा आपल्या भाषेतील शब्द दिसतो तितका साधा नाही. पानाला पान लावून बसणे एवढाच त्याचा अर्थ असता, तर 'पंक्तिभेद', 'पंक्तिप्रपंच', 'पंक्तिबाह्य' असले करडे शब्द त्याच्या पोटी जन्माला आले नसते. कोण कोणाशेजारी बसून जेवतो यावर या देशात माणसाचे मोल पिढ्यानपिढ्या ठरत आले. मी हे सुधारकाच्या अभिनिवेशाने लिहीत नाही. एका पंगतीतून मी स्वतः उठलो आहे. आणि ती गोष्ट, जी मी विसरलो असे मला वाटत होते, तिची आठवण मला दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका पत्राने करून दिली.

इंग्रजी वाङ्मय शिकवणाऱ्याला बायबल टाळता येत नाही. 1611 सालचे ते भाषांतर वाचल्यावाचून मिल्टन अर्धाच कळतो, म्हणून दर वर्षी मी वर्गात त्यातले काही उतारे वाचतो. गेल्या वर्षी पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय चालला होता. अंत्युखिया नगरीत यहुदी आणि विदेशी असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्ती लोक होते. पेत्र तेथे आला आणि विदेश्यांबरोबर निःसंकोच जेवू लागला. पुढे यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसे आली. त्यांच्या भीतीने तो हळूच मागे सरला आणि वेगळा राहू लागला. त्याचे पाहून इतर यहुदीही सरले. फार काय, पौलाचा सोबती बर्णबा हादेखील. मी हे सांगत असता मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, म्हणजे पेत्र पंगतीतून उठला?" इतके अचूक भाष्य मी कोणत्याही टीकाग्रंथात वाचलेले नाही.

आता पेत्रावर रागावण्यापूर्वी यहुद्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. यरुशलेमच्या मंदिरात परकीयांना ठराविक कठड्यापलीकडे जाण्यास बंदी होती. जो जाईल त्याच्या मरणाला तोच जबाबदार, असे बजावणारा ग्रीक शिलालेख 1871 साली सापडला, आणि तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. हे वाचून त्या लोकांस गर्विष्ठ म्हणणे सोपे आहे. परंतु चहूकडून साम्राज्यांनी वेढलेल्या त्या लहानशा राष्ट्राने खाण्यापिण्याचे निर्बंध सांभाळले नसते, तर ते केव्हाच विरघळून गेले असते. याचा पुरावा आपल्या कोकणातच आहे. बेने इस्राएल लोक शतकानुशतके तेथे तेलाचे घाणे चालवीत राहिले. हिब्रू ते जवळजवळ विसरले, मराठी ही त्यांची मायबोली झाली. पण शनिवारी घाणा बंद ठेवण्याचे आणि भक्ष्याभक्ष्याचे नियम त्यांनी सोडले नाहीत. शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत, आणि त्या नावातच त्यांचा धर्म शाबूत राहिला. माझ्या उपनगरापासून फार दूर नसलेल्या ठाण्यात त्यांचे 1879 सालचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. कुंपण हे नेहमी तिरस्काराचेच असते असे नाही. कधी ते निष्ठेचेही असते.

म्हणूनच पेत्राला जे करावे लागले ते अवघड होते. यापो गावी, एका कातडी कमावणाऱ्याच्या घराच्या धाब्यावर, भर दुपारी भुकेला असता त्याला दृष्टांत झाला: आकाशातून चादर उतरली, तीत निषिद्ध प्राणी, आणि 'खा' अशी आज्ञा. तो नाही म्हणाला; तीन वेळा आज्ञा झाली. नंतर तो कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीच्या घरी गेला आणि तेथे राहिला. असा हा मनुष्य अंत्युखियास चार पाहुणे येताच डगमगला! पौलाने सर्वांदेखत त्याला धारेवर धरले. ख्रिस्ताने आपल्या मरणाने मधली भिंत पाडली, ही श्रद्धा. मग ताट उचलून वेगळे बसणे म्हणजे ती भिंत पुन्हा रचणे. भिंत पडली की नाही याची परीक्षा पौल धर्मसभेतल्या ठरावावर सोडीत नाही, जेवणाच्या जागी घेतो. यहुद्याने यहुदी राहू नये असे त्याचे म्हणणे नव्हते. विदेश्याने आधी यहुदी झाल्यावाचून त्याला पानावर जागा नाही, हे त्याला मान्य नव्हते.

माझी गोष्ट 1986 सालच्या गणपतीतली. कॉलेजातला माझा जिवलग मित्र मरोळचा. साष्टीच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातला, ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतात त्यांच्यापैकी. त्याच्या घरी मी कितीदा जेवलो याला गणती नाही, आणि काय काय जेवलो ते आमच्या घरी कळले असते तर घरच्यांनी मला पंचगव्य पाजले असते. आमच्या अंधेरीच्या घरीही तो सरळ स्वयंपाकघरात येई. आईची हरकत नसे. त्या दिवशी मात्र गावाहून आत्या आली होती. मित्राचे पान बाहेरच्या खोलीत खिडकीशी मांडले होते, आणि मी व धाकटा भाऊ त्याच्या शेजारी बसलो होतो. आत्या दारात आली. ती रागावली नाही, वाईटसाईट बोलली नाही. "मुलांनो, तुमची पाने आत मांडली आहेत," एवढेच म्हणाली. मी उठलो. माझे पाहून भाऊ उठला. जेवणानंतर मित्राला चहा आला तो कान तुटलेल्या कपात. तो कप कोणासाठी राखलेला असे हे मला ठाऊक होते. त्याने चहा घेतला, आईच्या मोदकांची तारीफ केली आणि तो गेला. त्या प्रसंगाविषयी आम्ही दोघे कधी बोललो नाही.

वर्गात तो अध्याय वाचीत असता माझा आवाज मध्येच का थांबला हे मुलांना कळले नसेल.

आपल्याकडे ही भिंत ओलांडणे किती कष्टाचे आहे ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'इतके प्रांजळपणे दुसरीकडे क्वचितच आढळेल. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे वर्षे लोटल्यावर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. संसार एक, पण अन्नपाणी वेगळे. मग विचार करता करता एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले की हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसांनी केले आहेत. आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो या मागाहून. पाणी आधी ओठांनी स्वीकारले, मग मस्तकाने.

अर्थात ख्रिस्ती झाल्याने भिंती आपोआप पडतात असे मानण्याइतका मी भोळा नाही. गोव्यात बाटलेल्यांच्या जाती देवळाच्या मंडळांतून टिकून राहिल्या. आणि ज्या यहुद्यांच्या पोटी हा धर्म जन्मला त्यांच्याच वंशजांवर, नवख्रिस्ती झाल्यावरही, 1560 साली गोव्यात आलेल्या इन्क्विझिशनने डोळा ठेवला. ते कायमचे बंद झाले 1812 साली. त्याच शतकात मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली बेने इस्राएलांकरिता मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. त्यांना ख्रिस्ती करण्याची इच्छा होतीच. पण त्या लोकांपैकी फारच थोडे ख्रिस्ती झाले. मिशनच्या शाळांतून मिळालेल्या हिब्रूने ते आपलेच शास्त्र अधिक नीट वाचू लागले. मला हा शेवट फार आवडतो. विल्सनसाहेबांना तो आवडला असता की नाही, हा प्रश्न निराळा.

पौलाने खडसावल्यावर पेत्र काय म्हणाला? पौलाच्या पत्रात ते नाही. मी पुनःपुन्हा शोधले.

गेल्या नाताळात मरोळला गेलो. मित्र आता माझ्यासारखाच पिकला आहे. मी त्याला वर्गातला पाठ सांगू लागलो, पेत्राचा, अंत्युखियाचा. आणि आडवळणाने खिडकीजवळच्या पानापाशी आलो. तो काही वेळ माझ्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "त्या दिवशी तू आत गेलास, आणि तुझ्या पानावरचे दोन मोदक तुझ्या आईने मला वाढले. मला वाटले तिला रडू येतेय." हे मला माहीत नव्हते. मी बोलायला तोंड उघडणार तोच आतून त्याच्या पत्नीने गरम फुग्यांचे ताट आणले. त्याने शेजारच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रे उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "तिकडे लांब कशाला, इथे बस."