लेकुरवाळं गाव

फ्लिन फ्लॉन वसलंय ते उघड्या, काळपट खडकावर. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताची ही पश्चिमेकडची कड. गावाला खेटूनच शेजारच्या सस्कॅचेवान प्रांताची सीमा जाते. सांडपाण्याचे नळ पुरायला माती मिळेना, म्हणून पूर्वी ते लाकडी खोक्यांत घालून जमिनीवरूनच नेले. त्या खोक्यांच्या झाकणांवरून लोक चालायचे. इथं नांगर चालत नाही. पण खडकाच्या पोटात तांबं आणि जस्त होतं. 1927 साली हडसन बे मायनिंग अँड स्मेल्टिंग ही कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी गावाचा हॉकीसंघही: फ्लिन फ्लॉन बॉम्बर्स. खाण आणि खेळ एकाच साली जन्माला आले. 2022 च्या जूनमध्ये शेवटची खाण बंद झाली. खेळ चालू आहे.

विनिपेगहून इथं यायचं म्हणजे अख्खा दिवस गाडी हाकायची. शेतं मागे पडतात आणि मग नुसती गोठलेली तळी आणि स्प्रूसचं जंगल. डिसेंबरात इथं दिवस जेमतेम सात-साडेसात तासांचा. जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली 25-30 अंशांवर सहज उतरतो, श्वास घेतला की नाकातला ओलावा गोठतो. अशा रात्री माणसानं घराबाहेर का पडावं, याचं उत्तर गावाकडे एकच आहे. सामन्याच्या दिवशी रस्त्यावरच्या साऱ्या गाड्या व्हिटनी फोरमच्या दिशेनं वळलेल्या असतात. खाणीत भांडवल घालणाऱ्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी घराण्याचं नाव मिरवणारी ही गावाची रिंक. गाव पाच हजारांच्या आसपास आणि रिंकमध्ये जागा सुमारे दोन हजार. या दोन आकड्यांतच गावाचा जीव कशात आहे ते कळतं.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद आणि हिरवळ येते. ही हॉकी निराळी, बर्फावर खेळायची. चेंडूच्या जागी कडक रबराची काळी चकती असते, तिला पक म्हणतात. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. हातात धरली तर तळवा बधिर होतो. वजन जेमतेम 170 ग्रॅम, पण कडेच्या फळीवर आदळली की आवाज थेट छातीत घुमतो. खेळणारी मुलं 16 ते 20 वर्षांची. त्यांना पगार नसतो. वीस वर्षांचं वय उलटलं की ज्युनियर हॉकी संपली. कुणी शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कॉलेजात जातो, कुणी इथल्या विद्यापीठात, कुणी वडिलांच्या शेतावर परततो. एखाद्याच्याच वाट्याला एनएचएल, म्हणजे व्यावसायिक हॉकीची सर्वोच्च लीग येते. संघातली बरीचशी मुलं बाहेरगावची असतात. ऑगस्टच्या अखेरीस ती बॅगा खांद्याला लावून येतात आणि गावातली घरं त्यांना ठेवून घेतात. अशा घराला बिलेट म्हणतात.

मी जिथं उतरले होते त्या घरात तेव्हा दोन खेळाडू राहत होते. बाई साठी ओलांडलेल्या, यजमान खाणीतून निवृत्त झालेले. दाराशी भल्यामोठ्या बुटांचे जोड. तळघरात दोरीवर पॅड आणि हातमोजे वाळत घातलेले. त्यांचा आंबूस वास जिन्यापर्यंत यायचा. फ्रिजवर वेळापत्रक, घरचे सामने लाल पेनानं आणि बाहेरचे निळ्या पेनानं खुणा केलेले. सामना संध्याकाळचा, म्हणून दुपारी तीनलाच पास्त्याचं पातेलं उतरलं. मुलांनी आता जेवायचं, घटकाभर पडायचं आणि मग रिंकवर हजर व्हायचं. त्यातला एक अल्बर्टातल्या शेतकरी घरातला, 17 वर्षांचा. ताट घेऊन बसला, बघता बघता संपवलं आणि काही न बोलता पुन्हा वाढून घेतलं. बाईंनी न विचारता चीजचा डबा पुढे सरकवला.

“पहिला महिनाभर हा विचारल्याशिवाय फ्रिजसुद्धा उघडायचा नाही,” त्या मला म्हणाल्या. “आता रात्रीतून दूध संपवून ठेवतो आणि सांगतही नाही. तेव्हा मला कळलं, पोरगा रुळला.”

पुण्यात एके काळी गरिबांची मुलं वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्या अन्नावर शिकून मोठी झालेली माणसं त्या घरांची आठवण जन्मभर काढत. बिलेट घरांची जातकुळी तीच, फक्त इथं सातही वार एकाच घरचे. खर्चापोटी संघ थोडे पैसे देतो. पण वाढत्या वयाच्या खेळाडूची भूक जिनं पाहिली आहे, तिला ठाऊक असतं की हा हिशेब पैशांत मांडायचा नसतो. आणि भूक तर सोपी गोष्ट. पराभवानंतर खोलीचं दार लावून बसलेल्या पोराला किती वेळ एकटं सोडायचं आणि दारावर टकटक कधी करायची, हे त्या बाईंना कळत होतं. हे शिक्षण कुठल्याही शाळेत मिळत नाही.

गावाच्या अभिमानाच्या गोष्टी रिंकवर कुणीही सांगतो. 1957 साली या मुलांनी ओटावा-हल कनेडियन्सना सातव्या सामन्यापर्यंत झुंजवून मेमोरियल कप जिंकला, म्हणजे देशाचं ज्युनियर अजिंक्यपद या खडकावर आलं. मग बॉबी क्लार्क. 1949 साली इथंच जन्मलेला, खाणकामगाराचा मुलगा, शाळकरी वयातच मधुमेह जडलेला. असा मुलगा एनएचएलचा धकाधकीचा हंगाम काढील यावर कुणाचा विश्वास बसेना. बॉम्बर्सचे प्रशिक्षक पॅट जिनेल त्याला घेऊन अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये गेले आणि तब्येत सांभाळली तर हा खेळू शकतो, असं डॉक्टरांचं मत घेऊन आले. तरीही 1969 च्या एनएचएलच्या खेळाडू-निवडीत पहिल्या फेरीत सगळ्यांनी त्याला वगळलं. सतराव्या क्रमांकावर त्याला फिलाडेल्फिया फ्लायर्सनी घेतलं, आणि त्याच्याच नेतृत्वाखाली 1974 आणि 1975 असा लागोपाठ दोनदा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद जिंकलं. त्याचा बॉम्बर्समधला जोडीदार रेजी लीच हा रिव्हरटनचा ओजिब्वे मुलगा. 1976 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या फेऱ्यांत त्यानं 19 गोल केले आणि अंतिम फेरीत संघ हरूनही सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला.

या कथांमध्ये मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दवाखान्याचा प्रवास. एका खाणगावातला प्रशिक्षक दुसऱ्याच्या मुलाला सोबत घेऊन, सीमा ओलांडून मिनेसोटाला जातो, कारण त्या मुलाच्या बाजूनं कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं. स्टॅनले कप नंतर आला. गाव त्या आधीच आपलं काम करून मोकळं झालं होतं.

वरच्या दर्जाच्या ज्युनियर लीगमधला बॉम्बर्सचा संघ 1978 साली एडमंटनला गेला. गावानं हॉकी सोडली नाही. बॉम्बर्स आता सस्कॅचेवानच्या ज्युनियर लीगमध्ये खेळतात आणि संघ कुणा धनिकाचा नाही, गावाचाच आहे. तिकिटं फाडणारे, सोडतीच्या चिठ्ठ्या विकणारे, पेनल्टी बॉक्सचं दार उघडणारे सगळे गावकरीच. वर्षानुवर्षांच्या खुर्च्या ठरलेल्या. प्लेऑफचे दिवस आले की प्रेक्षकांतून मूस या भल्यामोठ्या हरणाची अख्खी तंगडी बर्फावर येऊन पडते. खुरासकट, केसांसकट, गोठून कडक झालेली. खेळ थांबतो, कुणीतरी ती ओढत बाहेर नेतं आणि सारी रिंक दणाणून जाते. बाहेरच्याला हे रानटी वाटेल. पण शरदातल्या शिकारीवर इथल्या घरांचे फ्रीझर हिवाळाभर भरलेले असतात. आपल्या साठवणीतलं मांस लोक मुलांच्या पायाशी टाकतात, यात मला माया दिसली.

या मायेला एक धास्ती कायमची चिकटलेली आहे. लीगमधली गावं शेकडो किलोमीटर पांगलेली. एस्तेव्हान तर अमेरिकेच्या सीमेजवळ; तिथं जायचं तर बसमध्येच दिवस जातो. 6 एप्रिल 2018 रोजी याच लीगमधल्या हम्बोल्ट ब्रॉन्कोसची बस निपाविनला प्लेऑफचा सामना खेळायला निघाली होती. चौरस्त्यावर ट्रकशी धडक झाली आणि 16 जण गेले, 13 जखमी झाले. त्या आठवड्यात कॅनडाभर लोकांनी ओसरीवर हॉकीच्या स्टिक उभ्या करून ठेवल्या. मुलांना लागतील म्हणून. हम्बोल्टमध्ये तेव्हा जन्मदात्यांबरोबर बिलेटच्या आयाही रडत होत्या, आणि त्यांचं दुःख कुणीही कमी प्रतीचं मानलं नाही. फ्लिन फ्लॉनमधल्या त्या बाई अजूनही बस गावात पोचल्याचा निरोप येईपर्यंत जाग्या राहतात. निळ्या पेनाच्या खुणांचा अर्थ मला तेव्हा समजला.

2025 च्या मे महिन्याअखेरीस वणवा गावाच्या वेशीपर्यंत आला आणि सगळं गाव रिकामं करावं लागलं. शेजारच्या डेनारे बीचमधली कितीतरी घरं जळाली. फ्लिन फ्लॉन वाचलं आणि जूनच्या अखेरीस लोक परतले. तांबं गाळायची भट्टी 2010 मध्येच थंडावली होती, खाण 2022 मध्ये; त्यात ही आग. अशा गावाला लोक विचारतात, आता इथं आहे काय? शहाणी माणसं तरुणांना सल्ला देतात, बाहेर पडा. गावचे तरुण बाहेर पडतातही. गावकरी त्यांना अडवत नाहीत.

पण त्याच गावात दर ऑगस्टला कितीतरी मुलं बाहेरून येतात, याकडे मला लक्ष वेधायचं आहे. ती इथं कायमची राहणार नाहीत हे घराघराला माहीत असतं. तरी त्यांच्यासाठी खोल्या झाडल्या जातात, मोठी पातेली काढली जातात, आणि दोन-तीन वर्षांनी पाठवणीच्या वेळी डोळे पुसले जातात. आम्ही देश सोडून आलेली मराठी माणसं जाणाऱ्याचं दुःख फार बोलतो. निरोप देऊन पुन्हा नव्या पोरासाठी अंथरूण घालायला जो धीर लागतो, त्याबद्दल कमी बोलतो. फ्लिन फ्लॉननं तो धीर पिढ्यान्‌पिढ्या कमावला आहे. खाणीतून निघालेलं तांबं विकलं गेलं, संपलं. माणसं वाढवायचं काम तसं संपत नाही. त्याला रिंक लागते, चालक जागा असलेली बस लागते आणि उंबऱ्याच्या आत जागा करणारी घरं लागतात. जोवर ही घरं दार उघडताहेत, तोवर या गावाला भवितव्य नाही असं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.