लॉक सुटण्याआधी

आमच्या बग-ट्रॅकरमध्ये एका नोंदीवर ‘नॉट अ बग’ असा शेरा मारून ती बंद केलेली आहे. टेस्टिंगमधल्या एका तरुण सहकारिणीनं ती केली होती. तिनं जे लिहिलं होतं, नेमक्या त्याच कारणानं पुढे काही महिन्यांनी एका ग्राहकाचा डेटाबेस सर्व्हर गोठायला लागला. शोध लावला म्हणून कौतुक माझं झालं. तिचं नाव कुणी काढलं नाही, आणि ते मला अजून सलतं.

पुण्यातल्या एका कंपनीत मी स्टोरेज कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर सांभाळत होतो. कर्नल २.६चे दिवस. कार्डाला कमांड द्यायची, काम झालं की कार्ड इंटरप्ट देतं, मग ड्रायव्हरचा हँडलर यादीतून ती कमांड काढून वर कळवतो. यादीला हात लावण्याआधी स्पिनलॉक घ्यायचा. आणि जो लॉक हँडलरलाही लागतो, तो इतर कुठेही घेताना त्या सीपीयूवरचे इंटरप्ट बंद करायचे. नाहीतर लॉक हातात असताना तिथेच इंटरप्ट आला, की हँडलर लॉकसाठी फिरत राहतो आणि लॉक ज्याच्याकडे आहे तो त्याच्याच खाली अडकून पडतो. किल्ली ज्याच्या खिशात, त्यालाच दाबून ठेवून दारात किल्लीची वाट पाहावी, तसं.

मशीन गोठलं की लॉगमध्ये काही सापडायचं नाही. लॉग लिहायचा ती डिस्क याच कार्डावर होती. ग्राहकाकडे कार्ड बदललं, केबल बदलली, फर्मवेअर बदललं. शेवटी एनएमआय वॉचडॉग चालू केला, कारण इंटरप्ट बंद असले तरी एनएमआय पोचतो. जोडीला केडंप लावला आणि मेमरीची प्रत नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर जाईल अशी सोय केली. पुढच्या वेळी गोठल्यावर डंप हाती आला. सगळ्या सीपीयूंचे बॅकट्रेस काढले. एका सीपीयूवर आमचा हँडलर यादीच्या लॉकची वाट पाहत होता आणि त्याच ट्रेसमध्ये खाली आमचंच, अडलेली कमांड रद्द करणारं अबॉर्टचं फंक्शन होतं, तोच लॉक धरून. पण अबॉर्टनं तर इंटरप्ट बंद करून लॉक घेतला होता. मग इंटरप्ट आत आला कसा?

अबॉर्ट मध्येच एका छोट्या फंक्शनला बोलावत होतं. ते स्वतःचा वेगळा लॉक घ्यायचं आणि सोडताना ‘स्पिन अनलॉक आयआरक्यू’ वापरायचं. हा प्रकार इंटरप्ट आधीपासून बंद होते का, ते पाहत नाही, सरळ चालू करतो. आधीची स्थिती जशीच्या तशी परत आणणारा प्रकार वेगळा, ‘आयआरक्यू रिस्टोअर’. म्हणजे आतला लॉक सुटला, इंटरप्ट चालू झाले आणि बाहेरचा लॉक अजून हातातच.

ही फट काही सूचनांपुरतीच. त्यातून, डिस्ककडून ठरलेल्या वेळेत, म्हणजे एरवी ३० सेकंदांत, उत्तर आलं नाही तरच कोड अबॉर्टकडे जातो. वर इंटरप्ट त्याच सीपीयूवर यायला हवा. दुसऱ्या सीपीयूवर आला तर हँडलर क्षणभर थांबतो, लॉक सुटला की पुढे जातो. आमच्या लॅबमध्ये कामगिरीचे आकडे स्थिर यावेत म्हणून कार्डाचा इंटरप्ट एका सीपीयूला बांधून ठेवलेला असे. ग्राहकाकडे आयआरक्यू-बॅलन्स तो फिरवत होता. मी त्या फटीत मुद्दाम थोडा विलंब घातला, इंटरप्ट आणि अबॉर्ट चालवणारा एरर हँडलरचा थ्रेड एकाच सीपीयूला बांधले, आणि मशीन लगेच गोठलं.

आता तिच्या नोंदीकडे येतो. लॉकांचा वापर तपासणारा, इंगो मोल्नार यांचा लॉकडेप २००६ साली कर्नल २.६.१८मध्ये आला. मशीन गोठायची तो वाट पाहत नाही. हँडलरला लागणारा लॉक हातात असताना कोणी इंटरप्ट चालू केले, हे एकदा दिसलं तरी तो तक्रार करतो. पण पहिल्या तक्रारीनंतर तो स्वतःला बंद करून घेतो, रीबूट होईपर्यंत. आमच्या टेस्ट मशीनवर दुसऱ्याच एका मॉड्यूलची जुनी तक्रार बूट होतानाच यायची. सगळे म्हणायचे, ती नेहमीचीच आहे. त्यानंतर लॉकडेप गप्प आहे, हे फक्त तिच्या लक्षात आलं. तिनं ते मॉड्यूल काढलं, रीबूट केलं, डिस्क मुद्दाम अडवून अबॉर्ट घडवला आणि आमच्या ड्रायव्हरची तक्रार स्टॅकसकट नोंदवली. उत्तर आलं: मशीन गोठलेलं नाही, लॉकडेपचा गैरसमज आहे. तिनं पुन्हा समजावून लिहिलं. त्यावर ‘रिप्रोड्यूस करून दाखवा’, आणि नोंद बंद. अहो, गोठवून न दाखवताही कळावं, यासाठीच तर ते साधन आहे! तिनं केलं ते खरं डीबगिंग. माझ्यासमोर तर उत्तर डंपमध्ये मांडलेलं होतं.

लिनक्सच्या जगात पॅचखाली ‘रिपोर्टेड बाय’ असं लिहून शोधणाऱ्याचं नाव देतात. मी ते घालायला सांगितलं. आमच्या फॉर्ममध्ये तसा रकाना नाही, असं सांगण्यात आलं.

दुसरी बाजूही मला दिसते. लॉकडेपचा कर्नल हळू चालतो. त्याच्या चुकीच्या तक्रारीही असतात, कारण एकाच ठिकाणी तयार झालेले सगळे लॉक तो एकाच वर्गातले धरतो. रिलीज तोंडावर असताना तक्रारींचा ढीग पुढ्यात आला की माणूस शॉर्टकट घेतो. तरीही स्टॅक न वाचता शेरा मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

ज्यानं ती अनलॉकची ओळ लिहिली त्याचा मला आधी फार राग आला होता. जुना इतिहास काढला तर तेव्हा ते फंक्शन फक्त कॉन्फिगरेशनच्या वाटेनं, इंटरप्ट चालू असतानाच बोलावलं जायचं. ओळ बरोबर होती. अबॉर्टमधून ते पुढे कुणीतरी बोलावलं. नुसत्या नावावरून, आत काय होतंय ते कसं कळणार?

दुरुस्ती दोन ओळींची होती. त्यानंतर ड्रायव्हरमधल्या अशा सगळ्याच जागा सरसकट सेव्ह-रिस्टोअर करून टाकाव्यात, असा आग्रह सुरू झाला. मी नको म्हणालो. साधा आयआरक्यू लिहिणारा ‘इथे इंटरप्ट चालूच असतात’ असं वाचणाऱ्याला सांगत असतो, ती माहिती पुसायची कशाला? त्या फंक्शनांच्या सुरुवातीला, इंटरप्ट आधीच बंद असतील तर इशारा देणारी एक ओळ मी घातली आणि बाकी कोड तसाच ठेवला. हे पटत नाही असं म्हणणारे आमच्या टीममध्ये अजून आहेत.