टेबलावरचा दगड

परवा इथे कुणीतरी जुन्या पाट्या-वरवंट्याबद्दल लिहिलं होतं. ते वाचून माझ्याकडच्या एका दगडाचं सांगावंसं वाटलं. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

1976 साली बँकेने माझी बदली नेवाशाला केली. मी फोंड्याच्या कुळागरात वाढलेला, आणि तिथे प्रवरेचं कोरडं पात्र नि काळी माती. रविवारी करणार काय? नदीवर फिरायला जायचो. एकदा गोट्यांत एक काळपट दगड दिसला. बदामाच्या आकाराचा, दोन्ही अंगांनी छिलके काढलेला. मुठीत असा बसला की ठेववेना. शाखेतला शिपाई म्हणाला, "साहेब, असले दगड न्यायला पुण्याची माणसं यायची."

ती माणसं म्हणजे डेक्कन कॉलेजची, हे नंतर कळलं. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी 1954 पासून नेवाशाला उत्खनन केलं. पुढे गुड्रुन कॉर्विनस या जर्मन बाईंनी जवळच्या चिरकी नाल्यावर काम केलं. माझ्या हातात होती ती अश्मयुगातली हातकुऱ्हाड, लाखो वर्षांपूर्वीची. मी बी.कॉम. माणूस, तिचा पेपरवेट केला! निवृत्त होईपर्यंत ती माझ्या टेबलावर होती. किती कर्जप्रकरणं तिच्याखाली दबली असतील.

गेल्या मे महिन्यात नातू आला. बंगळूरला असतो, जंगलात राहण्याच्या शिबिरांना जातो. सुरी हरवली तर दगडापासून पातं कसं करायचं, हे तिथे शिकवतात म्हणे. म्हणाला, "आबा, चला करून बघू."

आधी आम्ही जांभा घेतला, कारण घराभोवती तोच. त्याचा नुसता भुगा झाला. आपल्याकडे कुशावतीकाठी उसगाळीमळला याच कातळावर आदिमानवाने बैल कोरलेत. कोरायला जांभा चांगला, पण धार धरत नाही. मग ओढ्यातली पांढरी गारगोटी आणली. मी नारळ फोडावा तसा मधोमध घाव घातला. नातू हसला. मध्यावर नाही मारायचं, कडेजवळ मारायचं, तेही तिरकं. कडेचा कोन काटकोनापेक्षा कमी हवा, मग खालून छिलका सुटतो. मारायला वेगळा गोल गोटा. डोळ्यांवर त्याने चष्मा चढवायला लावला, ते बरंच झालं. गारगोटीचा भरवसा नाही, कशीही फुटते. पंधरा-वीस घावांनंतर एक पातळ कपची निघाली, बोटाएवढी. तिने मी सुंभ कापला. चार-पाच ओढीत तुटला! दुसरी ओढ अंगठ्यावर आली. ही हळद घेऊन धावत आली आणि आम्हा दोघांना जे बोलली ते इथे लिहीत नाही. नातवाचं म्हणणं, बाटलीच्या बुडाच्या काचेवर सराव करतात. म्हटलं, गोव्यात बाटल्यांना तोटा नाही, पण आता पुरे.

अंगठ्याला पट्टी बांधून मी कौतुकाने त्याला नेवाशाचा दगड दाखवला. तो बराच वेळ उलटसुलट करत राहिला. किती घाव असतील, मोजत होता. मग विचारलं, "आबा, हा नक्की कुठे मिळाला? काठाच्या घट्ट थरात रुतलेला होता की पाण्यात सुटा पडलेला?"

मला सांगता येईना. थरात असता तर त्या थरावरून वय काढता आलं असतं. आजूबाजूच्या कपच्यांवरून तो तिथेच घडवला का, तेही कळलं असतं. सगळं मी खिशात घालून आणलं आणि पुसून टाकलं. आयुष्यभर एक व्हाउचर सहीशिवाय पुढे जाऊ दिलं नाही मी. कारकुनांना त्यावरून किती बोललोय. आणि हा दगड कुठल्याच नोंदीत नाही. नातू काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

रात्री झोप येईना. उठून एक चिठ्ठी लिहिली: नेवासे, प्रवरेचं पात्र, गावाच्या अलीकडे, पावसाळ्याआधी, 1976 किंवा 77. थराच्या जागी 'आठवत नाही' लिहिलं. खाली सही केली. दगड आणि चिठ्ठी बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहे. दिवाळीनंतर नातू पुण्याला जाणार आहे, तेव्हा डेक्कन कॉलेजात नेऊन दाखवेल. घेतील की नाही कोण जाणे.

टेबलावर सध्या आमची गारगोटीची कपची आहे. तिच्यावर तारीख घातली आहे.