बेरजेतला तेरा

पस्तीस-छत्तीस वर्षांच्या अध्यापनात मी देशभर पुष्कळ हिंडलो. चर्चासत्रे, मौखिक परीक्षा, निवड समित्या. निमित्तांना तोटा नव्हता. परंतु आज विचार करू लागलो म्हणजे वाटते की, मी कोठेच पोहोचलो नाही. मला पोहोचविण्यात आले. स्थानकावर कोणी तरी नावाची पाटी घेऊन उभा असे, सामान दुसरा कोणी उचली आणि मी बोलत बोलत त्यांच्या मागून जाई. त्यामुळे २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीतील एक बैठक शुक्रवारी आटोपली आणि पुढचे दोन दिवस मोकळे मिळाले, तेव्हा पत्नीने घातलेली अट मला चमत्कारिक वाटली.

"चंडीगढला जाऊ," ती म्हणाली, "पण स्टेशनवर कुणी घ्यायला यायचं नाही. एकदा तरी आपले आपण पोहोचू."

चंडीगढला माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त स्थायिक झालेला आहे. 'गाडी घेऊन येतो' असे तो परोपरीने म्हणत होता. त्याला निक्षून नको म्हणून सांगितले आणि पत्ता कागदावर उतरवून घेतला : घराचा क्रमांक, सेक्टर १३, चंडीगढ. हाती पत्ता आणि डोक्यात थोडीशी माहिती असली की समीक्षकाला कोणास काही विचारावेसे वाटत नाही. त्यातून हे शहर तर १९५१ साली ल कॉर्ब्युझिएने आराखडा केलेले, चौकटींचे आणि क्रमांकांचे. येथे चुकणार कोण?

शनिवारी दुपारी स्थानकाबाहेर आलो आणि एका वयस्क रिक्षावाल्याला मी माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणालो, "सेक्टर तेरा जाना है."

तो गोंधळला. "मेरा सेक्टर? मैं तो ज़ीरकपुर रहता हूँ जी."

पत्नी मागे तोंडाला पदर लावून उभी होती. मी हाताच्या बोटांवर आकडा करून दाखविला, तेव्हा तो आणखीच बुचकळ्यात पडला. "तेरह? तेरह तो है ही नहीं जी!"

मला आठवले की, मूळ आखणीत तेरा हा क्रमांक खरोखरच गाळलेला होता; तो अशुभ मानला गेल्यामुळे, असे सांगतात. पण पत्ता तर माझ्या हातात होता. संहितेत जे आहे ते असलेच पाहिजे, या व्यावसायिक श्रद्धेने मी तर्क केला : तेरा असणार तो बारा आणि चौदा यांच्या मध्ये. रिक्षा तिकडे घेण्यास फर्माविले. विद्यार्थ्याला विचारून घ्यावे म्हटले, तर भ्रमणध्वनी दिल्लीपासूनच विझलेला.

शहर ओलांडून आम्ही त्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलो. एका बाजूस बारा, तेथे मोठे रुग्णालय; दुसऱ्या बाजूस चौदा, तेथे विद्यापीठ; आणि दोहोंमध्ये फक्त मध्यमार्ग नावाचा रुंद रस्ता. तेरा असलाच तर त्या वाहत्या रस्त्यावर होता. आमचे तीनतेरा वाजले ते येथे.

मी कागदाकडे पाहत राहिलो. पत्नी मात्र केव्हाच खाली उतरून चहाच्या टपरीवरील एका वृद्ध सरदारजींशी बोलत होती. परतली ती हसतच. "अहो, तेरा म्हणजे मनीमाजरा. स्टेशनच्या जवळच आहे!"

परतीच्या वाटेवर मी गप्प होतो. पत्नीने शाळेत तीस वर्षे गणित शिकविले आहे. ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचीत होती. अकरासमोर पंधरा, दहासमोर सोळा, नवासमोर सतरा, आठासमोर अठरा, सातासमोर एकोणीस. "प्रत्येक जोडीची बेरीज सव्वीस," ती म्हणाली. "म्हणजे तुमचा तेरा कुठेच नाही आणि प्रत्येक जोडीत दोनदा आहे."

हे सहज बोललेले वाक्य माझ्या मनात अडकून बसले. कारण याच सुमारास मला दुसरीच एक गोष्ट आठवत होती. आईच्या शेवटच्या आजारात तिला मोठ्या शहरातील दवाखान्यात हलवावे लागले, तेव्हा अनोळखी रस्त्यांवर असेच विचारीत विचारीत पत्नीने तो दवाखाना गाठला होता. मी एका चर्चासत्रात होतो. माझा निबंध चांगला झाला होता, असे सर्वजण म्हणाले होते. आमच्या संसाराच्या आराखड्यात कित्येक ठिकाणी मी हा असा गाळलेला आकडा होतो. बेरीज मात्र ती बिनबोभाट पुरी करीत आली.

रात्री विद्यार्थ्याने खजील होऊन खुलासा केला. मनीमाजऱ्याला सेक्टर १३ हे नाव २०२० साली मिळाले. जुन्या रिक्षावाल्यांच्या तोंडी ते अद्याप बसलेले नाही. वास्तविक मनीमाजरा ही एका छोट्या संस्थानाची जुनी नगरी. येथील राजा गोपालसिंह याने जवळच्या टेकडीवर मनसादेवीचे मंदिर १८११ ते १८१५ या काळात बांधले. चंडीगढ कागदावरही नव्हते तेव्हा जे नांदते गाव होते, त्याला नव्या शहराने आपल्या मोजणीत घेतले ते नको असलेला आकडा देऊन!

रविवारी सकाळी आम्ही त्या मंदिरात गेलो. मंदिर आज हरियाणात आहे. राज्याची सीमा केव्हा ओलांडली हे कळलेही नाही. परतल्यावर पत्नीने माझ्या पायांकडे बोट दाखविले. उजव्या पायात माझी वहाण होती, डाव्यात कोणा परक्याची. पुन्हा मंदिर गाठले, तर पायरीपाशी एक गृहस्थ माझी डावी वहाण समोर ठेवून शांतपणे बसलेले. त्यांनी मला वर यायचेही श्रम दिले नाहीत. हसत म्हणाले, "तेरा-मेरा हो गया जी!"

या भूमीत गुरू नानकांची एक आख्यायिका सांगतात. सुलतानपूर लोधीच्या मोदीखान्यात धान्य मोजताना ते तेराच्या आकड्याशी येत आणि तेथेच थांबत. 'तेरा, तेरा' म्हणजे 'तुझेच, तुझेच' म्हणत मोजीतच राहत. ही कथा मी वर्गात भक्तीचे उदाहरण म्हणून अनेकदा सांगितली होती. ज्याच्या नावावर हिशेब जमा करायचा, तो शेजारीच उभा असू शकतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

संध्याकाळी निघताना विद्यार्थी गाडी काढू लागला. या वेळी मीच नको म्हटले. पत्नी नेहमीप्रमाणे रस्ता विचारण्यासाठी पुढे होऊ लागली, तशी तिच्या हातातील पिशवी मी घेतली आणि तिला म्हणालो, "थांब, मी विचारून येतो."