शून्याचं पोट

"ताई, कशावर मारायचाय रंग?"
"फुटपाथवर."
"ते कळलं. पण काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, का शहाबादी फरशी?"

सोसायटीच्या आतल्या पायवाटेवर मुलांसाठी ठिकरीची घरं, उड्या मारायला बेडकाची पावलं आणि एक वळणावळणाचा रूळ काढायचा, एवढंच बैठकीत ठरलं होतं. ज्या बाईला साधा आंबा काढता येत नाही तिच्याकडे हे काम सोपवताना सगळ्यांचं म्हणणं एकच: छापे वापरायचेत, त्यात काय यायला हवं?

दुकानदाराने मात्र मला अर्धा तास उभं केलं. ऑईल पेंट चकचकीत दिसतो, पण पावसात त्यावरून पाय सटकतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे थर्मोप्लास्टिकचे असतात, ते जवळपास २०० अंश सेल्सियसला वितळवून ओततात आणि वर काचेचे बारीक मणी पेरतात. ते आपल्या आवाक्यातलं नाही. शेवटी बाहेरच्या भिंतीचा अॅक्रिलिक रंग घ्या, म्हणाला, आणि त्यात मूठभर चाळलेली बारीक वाळू घाला, म्हणजे पायाला पकड मिळते. रंगात मुद्दाम वाळू घालायची हे ऐकून मी त्याच्याकडे बघतच राहिले.

खरी गंमत छाप्यात होती. रांगोळीचा छापा म्हणजे भोकांची चाळणी, ठिपके पडतात आणि आकृती होते. रंगाला मात्र सलग खिडकी लागते. मी पुठ्ठ्यावर आखलेलं शून्य मदतीला आलेल्या पेंटरमामांनी कटरने कापलं, आणि शून्याचं पोट गळून खाली पडलं.

"आता रंग लावा, मॅडम. टिकली उमटेल. शून्य पाहिजे तर मधे दोन जोड ठेवा."

मालगाडीच्या डब्यांवरचे, लाकडी खोक्यांवरचे आकडे मधेच तुटलेले का असतात, ते मला इतक्या वर्षांनी त्या पुठ्ठ्यासमोर बसून कळलं. मग मी आकड्यांकडे पोटं मोजतच बघायला लागले. इंग्रजी 8 ला दोन पोटं, म्हणजे जोडच जोड. आपल्या ८ ला एकही नाही, सरळ कापा. २ आणि ३ तसेच गुणी. ४ च्या खाली मात्र वाटोळं आहेच. अक्षरांचं तर विचारूच नका. 'ठिकरी' असं मोठ्या अक्षरांत लिहायचा माझा बेत होता. पण शिरोरेषा सलग कापली की दोन अक्षरांमधला भाग फक्त खालच्या बाजूने धरलेला राहतो, कुत्र्याच्या जिभेसारखा हलतो आणि रंग त्याच्याखाली शिरतो. 'क'चं पोट वेगळंच. मी नाव लिहायचा नाद सोडला.

पुठ्ठा पहिल्याच हाताला भिजून मऊ पडतो. मामा म्हणाले, जुनी एक्स-रे फिल्म आणा, ती वाकते पण फाटत नाही, पुसली की पुन्हा वापरता येते. आमच्या बेडकाचा पाय त्यामुळे सासऱ्यांच्या गुडघ्यातून कापला गेला. सासरे रोज येऊन आपला गुडघा कुठवर उमटला ते बघून जात.

पेव्हरच्या फटी हा शेवटपर्यंतचा वैताग. धुळीमुळे चिकटपट्टी धरत नाही आणि फटीत छापा अधांतरी राहतो. ब्रशने ओढला की रंग कडेखाली पळतो. स्पंज जवळजवळ कोरडा ठेवायचा आणि वरून खाली नुसता टिपत जायचं, फिरवायचा नाही. एप्रिलच्या उन्हात रंग स्पंजवरच सुकतो, म्हणून काम सकाळी लवकर.

एवढी तयारी झाल्यावर मुलं आली आणि त्यांनी माझ्या नकाशाची चिरफाड केली. बेडकाची दोन पावलं मी माझ्या पायाच्या अंदाजाने ठेवली होती. बालवाडीतलं पोर तिथवर पोचणारच नाही. मग कबड्डीच्या मैदानाला घालतात ती फक्की आणली, मुलांना उड्या मारायला लावल्या आणि पाय पडेल तिथे खूण केली. ठिकरीच्या रेघेवर तर रीतसर वाद झाला. मी चांगली ठसठशीत रेघ आखली होती. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, एवढ्या जाड रेघेवर पाय कुणाचाही पडणार. मग आऊट कोण?" तिचा मुद्दा बिनतोड होता. रेघ बोटभर केली.

पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवर मुलांसाठी खेळणी बसवली आहेत, तिथे जाताना आता माझी मान खालीच असते. रंगाची कड कशी पडलीय ते बघते.

सोसायटीचे सेक्रेटरी ठिकरीचे आकडे बघून खूश झाले. पार्किंगच्या जागांचे नंबरही अशाच छाप्यांनी टाका, म्हणाले, फक्त इंग्रजी आकड्यांत. सध्या मी 8 कापतेय.